आमदारांकडे जाताना कोणता कागद न्यायचा: शाळेच्या खोल्या, मुलींची एसटी आणि एमआयडीसीतल्या नोकऱ्या

ताई, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष म्हणून तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्यांचं छत धोक्यात आहे. आमदारांना दोन वर्षांत तीन निवेदनं दिली, दर वेळी ‘बघतो’ असं उत्तर मिळालं. गावापासून आठ किलोमीटरवर एमआयडीसी आहे, तरी पोरं घरी बसून आहेत. आमदाराच्या हातात नक्की असतं काय, आणि आपण मागायचं काय?

मी एकोणीस वर्षं आमदारांचा स्वीय सहायक म्हणून काम केलं. दोन आमदारांकडे; एक सत्तेतले, दुसरे बहुतेक काळ विरोधी बाकांवर. तुमच्या निवेदनासारखी हजारो निवेदनं माझ्या टेबलावरून पुढे गेली आहेत, म्हणून त्यांचा प्रवास मला पाठ आहे. पीए त्याला एक पत्र जोडतो, ‘सोबतच्या निवेदनावर योग्य ती कार्यवाही व्हावी’. ते गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातं. तिथून केंद्रप्रमुखांकडे, केंद्रप्रमुखांकडून मुख्याध्यापकांकडे: ‘वस्तुस्थितीचा अहवाल सादर करा.’ मुख्याध्यापक लिहितात, खोल्या धोकादायक आहेत. तो अहवाल पुन्हा वर चढतो आणि कुठल्या तरी फायलीला लागतो. म्हणजे कागद ज्या शाळेतून निघाला तिथेच वर्षभराने परत येतो. यात कुणी मुद्दाम वाईट वागलेलं नसतं. निवेदनात ‘बघा’ म्हटलं होतं, सगळ्यांनी बघितलं.

तुमच्या मनात पहिली गोष्ट आमदार निधी असणार, म्हणून आधी त्याचा हिशेब. 2022 च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात हा निधी चार कोटींवरून पाच कोटी रुपये झाला. ऐकायला मोठा वाटतो. पण ग्रामीण मतदारसंघात दीडशे-दोनशे गावं सहज असतात. दीडशे धरली तरी गावाला वर्षाला सव्वातीन-साडेतीन लाख येतात, आणि शाळेच्या एका नव्या खोलीचं अंदाजपत्रक दहा लाखांच्या वर जातं. त्याच पैशात रस्त्याचा तुकडा, सभामंडप, व्यायामशाळा, स्मशानभूमीचं शेड, हायमास्ट दिवा, सगळं मागितलं जातं. शिवाय आमदार फक्त काम सुचवतात. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि काम बांधकाम विभाग करतो. त्यामुळे ‘तुमच्या निधीतून खोल्या द्या’ ही मागणी बहुतेक वेळा चुकीच्या खिशाकडे बोट दाखवते.

शाळेच्या खोल्यांचा मोठा पैसा असतो जिल्हा वार्षिक योजनेत, समग्र शिक्षा अभियानात आणि जिल्हा परिषदेकडे. गावातल्या मूलभूत सुविधांसाठी ग्रामविकास खात्याचं 2515 हे लेखाशीर्षही आहे, आमच्या भाषेत ‘पंचवीस-पंधरा’. जिल्हा वार्षिक योजनेतल्या कामांची यादी जिल्हा नियोजन समितीत ठरते; तिच्या बैठकीत पालकमंत्री अध्यक्षस्थानी असतात आणि आमदार समोर बसलेले असतात. तुमच्या दोन खोल्या त्या यादीत चढवणं हे आमदाराचं काम आहे, आणि तिथे त्यांचं वजन त्यांच्या निधीपेक्षा कितीतरी जास्त असतं.

पण यादीत चढण्याआधी एक कागद लागतो, आणि बहुतेक गावं तिथेच अडकतात. तो म्हणजे निर्लेखन. जुनी खोली सरकारी मालमत्ता आहे. ती वापरायोग्य नाही असं बांधकाम विभागाच्या अभियंत्याने पाहून लिहून द्यावं लागतं, मोडीत निघणाऱ्या सामानाचं मूल्यांकन होतं, समितीचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा लागतो आणि मग जिल्हा परिषद ती खोली दप्तरातून कमी करायला मंजुरी देते. तोवर ती पाडता येत नाही. शाळेकडे दुसरी मोकळी जागा नसेल, तर जुनी पाडल्याशिवाय नवी बांधायची कुठे? आणि दप्तरात खोल्या पुरेशा दिसत असतील, तर नव्या खोलीची गरज मान्य कशी होणार?

हे मला शिकवलं ते एका गावाने. आमच्या आमदारांनी तिथे खोलीसाठी निधी दिला, पत्र निघालं, गावात सत्कारही झाला. सगळं झाल्यावर कळलं की जुन्या खोलीचं निर्लेखनच झालेलं नाही. प्रस्ताव मुख्याध्यापकांनी पाठवला होता, पण अभियंत्याच्या पाहणी अहवालाविना तो तसाच पडून होता. मार्चअखेर आली, काम सुरू होऊ शकलं नाही आणि ती रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवावी लागली. पुढचं वर्षभर ती मुलं मारुतीच्या देवळात बसली. पहिली-दुसरीची पोरं, एकाच फळ्यासमोर. चूक माझी होती. पत्र तयार करण्याआधी एक फोन करून मी विचारायला हवं होतं. त्यानंतर शाळेचं कुठलंही निवेदन आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: निर्लेखन झालंय का?

याला मी इतकं महत्त्व का देतो, तेही सांगतो. ऑगस्ट 2017 मध्ये नगरजवळच्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेच्या खोलीचं छत पावसात कोसळलं आणि तीन मुलं गेली. जुलै 2025 मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीला सरकारी शाळेची इमारत पडली, सात मुलं गेली. दोन्ही वेळा दुर्घटनेनंतर धोकादायक खोल्यांची मोजणी सुरू झाली. तुमच्या दोन खोल्यांचे फोटो पाहिले तेव्हा मला हेच आठवलं. तुळईजवळची सळई उघडी पडली आहे आणि तिला गंज चढलाय. हे आधी मोजलं गेलं पाहिजे.

आता आमदाराच्या खऱ्या हत्याराकडे येतो. ते म्हणजे सभागृह. आपल्या विधानसभेत 288 सदस्य आहेत आणि वर्षाला तीन अधिवेशनं होतात: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रत्येक अधिवेशनासाठी आमदार तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायचे प्रश्न, पाठवतात. त्याचा साचा ठरलेला असतो: ‘अमुक तालुक्यातील अमुक शाळेच्या खोल्या धोकादायक झाल्या आहेत, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने पाहणी केली आहे काय, असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

ही शेवटची ओळ लहान दिसते, पण फाईल हलवते तीच. प्रश्न मंत्रालयात पोहोचला की तिथून शिक्षण संचालनालय, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, शिक्षणाधिकारी असा खाली येतो. अधिकारी त्याला ‘एलएक्यू’ म्हणतात. एलएक्यू आला की जी पाहणी वर्षभर झाली नाही ती दोन दिवसांत होते, कारण उत्तरावर मंत्र्यांचं नाव असतं आणि ते छापलं जातं. प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न पुकारले जातात, पण राहिलेल्यांची उत्तरंही लेखी मिळतात. म्हणून ‘सभागृहात विषय निघालाच नाही’ असं ऐकून निराश होऊ नका. लेखी उत्तराची प्रत मागा. ‘हे अंशतः खरे आहे’ एवढं आलं तरी तुमचं अर्धं काम झालं, कारण खोली धोकादायक असल्याचं शासनाने कबूल केलेलं असतं. मंत्री सभागृहात ‘या वर्षी करू’ म्हणाले, तर ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. हे हत्यार विरोधी बाकांवरच्या आमदारालाही तितकंच मिळतं. आमचे दुसरे आमदार सत्तेत नव्हते तेव्हा आम्ही सगळ्यात जास्त शाळा याच वाटेने मार्गी लावल्या.

एकच अट आहे. प्रश्न नेमका हवा. ‘तालुक्यातील शाळांची दुरवस्था’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येत आहे.’ शाळेचं नाव, यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), खोल्यांची संख्या, प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला, जावक क्रमांक काय, इतकं असेल तर पळवाट उरत नाही. हे सगळं आमदारांना कुठून माहीत असणार? ते तुम्ही न्यायचं.

शाळेची सुरक्षा म्हणजे फक्त छत नव्हे, हे बदलापूरने सगळ्यांना कळवलं. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या एका शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला, तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं आणि 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला: शाळेत सीसीटीव्ही, नेमणुकीआधी कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, आणि असा प्रकार कळला तर चोवीस तासांत वरिष्ठांना कळवणं. शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करायचा निर्णय तर त्याही आधीचा, 2022 चा आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 चा, आणि त्यात गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्यालाही शिक्षा आहे. संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे नियम आहेत. कमी आहे ती तपासणी. आमदार आढावा बैठक घेतात तेव्हा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे एकच तक्ता मागायला त्यांना सांगा: तालुक्यातल्या किती शाळांत सखी सावित्री समितीची गेल्या सहा महिन्यांत बैठक झाली, तक्रारपेटी कुणासमोर उघडली जाते, आणि पोषण आहार शिजवणाऱ्यांपासून व्हॅनच्या चालकापर्यंत कुणाकुणाची पडताळणी बाकी आहे. आमच्या तालुक्यात पहिल्यांदा हा तक्ता मागवला तेव्हा पुष्कळ रकाने कोरे होते. तीन महिन्यांनी पुन्हा मागवला तेव्हा भरू लागले होते. सीसीटीव्हीबद्दल एक अनुभव: कॅमेरे लावायला निधी सहज मिळतो, पण शाळेचं वीजबिल थकून जोडणी तुटली की ते बंद पडतात. म्हणून कॅमेऱ्याची मागणी करताना बिल कोण भरणार हे ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहून घ्या.

आणि एसटी. हा विषय तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या गावात शाळा सातवीपर्यंत आहे, म्हणजे आठवीपासून मुली तालुक्याला जात असणार. माझ्या मते मुलींच्या सुरक्षिततेचा सगळ्यात मोठा प्रश्न शाळेच्या भिंतीबाहेर, फाट्यावर उभा असतो. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. मागास तालुक्यांसाठीच्या मानव विकास कार्यक्रमात असलेल्या 125 तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्याही आहेत. पण शाळा पाचला सुटते आणि गाडी साडेचारला निघते, असं झालं तर पास हातात धरून मुलगी चालत येते. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो. एक-दोनदा असं झालं की बाप म्हणतो, पुरे झालं शिक्षण.

आमच्याकडे एका वाडीतल्या सात मुलींनी स्वतः अर्ज लिहून आणला होता. वहीच्या पानावर, शाईच्या पेनाने, खाली सातही सह्या. गाडी फक्त चाळीस मिनिटं उशिरा सोडा, एवढंच मागणं होतं. आमदारांनी आगार व्यवस्थापकांना बोलावलं, शाळेच्या मुख्याध्यापकांनाही बोलावलं आणि वेळापत्रक दोघांसमोर ठेवलं. ती गाडी पुढे दुसऱ्या गावी मुक्कामी जायची, त्यामुळे वेळ बदलली तर तिथल्या लोकांची गैरसोय होणार होती. त्या गावच्या सरपंचांशी बोलणं झालं, ते तयार झाले. एक रुपयाही लागला नाही. त्या सातपैकी पाच मुलींनी बारावी केली. एकोणीस वर्षांत मी ज्या कामांमध्ये होतो त्यातलं हे मला सगळ्यात जवळचं आहे. तुमच्या गावच्या मुलींना विचारा, गाडी किती वाजता येते आणि शाळा किती वाजता सुटते, आणि ते दोन आकडे घेऊन आमदारांकडे जा.

आता नोकऱ्या. इथे मला थोडं कडक बोलावं लागेल. आमदाराचं शिफारसपत्र मागू नका. मी ती शेकड्याने टाइप केली आहेत. कंपनीच्या एचआरकडे अशा पत्रांचा गठ्ठा असतो, कारण तीच पत्रं आजूबाजूच्या प्रत्येक लोकप्रतिनिधीकडून येतात. फार तर ठेकेदाराकडे सात-आठ महिन्यांचं काम मिळतं, मग ब्रेक, आणि पोरगं पुन्हा कार्यालयाच्या दारात.

ऐंशी टक्के स्थानिकांचा नियम तुम्ही ऐकला असेल. राज्य सरकारचा 17 नोव्हेंबर 2008 चा शासन निर्णय आहे: एकूण नोकऱ्यांत 80 टक्के आणि पर्यवेक्षकीय जागांवर 50 टक्के स्थानिक. पण हा शासन निर्णय आहे, कायदा नव्हे. त्याची पकड प्रामुख्याने सरकारी प्रोत्साहनं घेणाऱ्या उद्योगांवर बसते. आणि ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी, तुमच्या तालुक्याचा असं नाही. हरियाणाने याहून पुढे जाऊन कायदाच केला, तीस हजारांपर्यंतच्या पगाराच्या खासगी नोकऱ्यांत 75 टक्के स्थानिक. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये घटनाबाह्य ठरवला. त्यामुळे सक्तीच्या घोषणेवर विसंबून पोरांची दोन वर्षं घालवू नका.

त्यापेक्षा शिकाऊ उमेदवारीचा कायदा धरा. तो 1961 चा आहे आणि आजही चालतो. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि मोजणीत ठेकेदाराची माणसंही धरली जातात. चारशे माणसांची कंपनी म्हणजे किमान दहा, आणि साठपर्यंत जागा. आमच्या आमदारांनी आयटीआयचे प्राचार्य, एमआयडीसीतल्या उद्योजकांची संघटना आणि कौशल्य विकास कार्यालय यांना एका टेबलाशी बसवलं आणि कंपनीवार यादी मागितली: तुमची माणसं किती, शिकाऊ किती. कुणावर आरोप नाही, आवाज चढवणं नाही, फक्त यादी. त्यातून एक गोष्ट कळली जी आम्हाला आधी माहीतच नव्हती. कंपन्यांना सीएनसी मशीन चालवणारे आणि वेल्डर हवे होते, आणि आमच्या आयटीआयमध्ये त्यातल्या एका ट्रेडला निदेशकच, म्हणजे शिकवणाराच, नव्हता. जागा रिक्त म्हणून प्रवेश कमी, प्रवेश कमी म्हणून पोरं नाहीत. मग पुढच्या अधिवेशनात आमचा प्रश्न नोकऱ्यांचा नव्हताच. त्या रिक्त पदाचा होता. पद भरायला दीड वर्ष लागलं. पण त्यानंतर पोरं दरवर्षी जात राहिली, कुणाच्याही पत्राशिवाय.

एका लोकप्रतिनिधीने रोजगाराचं काय करून ठेवलं ते पाहायचं तर वि. स. पागे यांच्याकडे पाहा. 1960 पासून 1978 पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. 1965 मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांच्या कल्पनेतून छोटा प्रयोग झाला: जो काम मागेल त्याला काम. 1972 च्या दुष्काळात हीच कल्पना राज्याच्या कामी आली, 1975 मध्ये पैशासाठी व्यवसाय कर आला आणि 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. देशाने तसा कायदा करायला 2005 साल उजाडलं. माझे वडील 1972 ला पाझर तलावाच्या कामावर होते; आमच्या घरात त्या वर्षी चूल पेटली ती त्या मजुरीवर. म्हणून कुणी ‘आमदार काय करू शकतो’ असं हताशपणे विचारलं की मला वाईट वाटतं. एका गावात करून पाहिलेली गोष्ट सभागृहातून कायदा होऊ शकते, हे आपल्याच राज्यात घडलेलं आहे.

तुमच्या आमदारांबद्दलही एक सांगतो. 2022 पासून पुष्कळ जिल्हा परिषदांवर प्रशासक होते, सदस्यच नव्हते. त्यामुळे गटारापासून शिक्षकाच्या बदलीपर्यंत सगळं आमदारांच्या दारात येऊन पडलं. रोज शंभर-दीडशे माणसं, त्यात दवाखान्याचं पत्र हवं असलेला माणूस डोळ्यांत पाणी घेऊन उभा. अशा गर्दीत ‘बघतो’ हा शब्द तोंडून निघतो. तुमचं काम नेमकं असेल तर पीएला ते करायला सोपं जातं, आणि खरं काम पीएच करतो, त्यामुळे त्याला नीट भेटा.

तर पुढच्या पंधरा दिवसांत असं करा. समितीची बैठक घ्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तुमच्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यामुळे तिच्या ठरावाला वजन आहे. ठरावात दोन खोल्यांचं निर्लेखन आणि नव्या दोन खोल्यांची मागणी वेगवेगळ्या कलमांत लिहा. मुख्याध्यापकांकडून आधीच्या प्रस्तावाची प्रत आणि जावक क्रमांक घ्या. पंचायत समितीच्या बांधकाम उपअभियंत्यांना पाहणीसाठी लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. तारखेसह फोटो काढा. मग हे सगळं एका फायलीत घालून आमदारांच्या पीएला द्या, अधिवेशन सुरू व्हायच्या दीड-दोन महिने आधी, आणि सांगा: ‘आम्हाला निधीचं पत्र नको. यावर तारांकित प्रश्न टाका, आणि नियोजन समितीच्या यादीत या दोन खोल्या घ्या.’ फायलीच्या शेवटी एसटीच्या वेळेचं पान वेगळं जोडा, ते आधी होईल.

आणि या सगळ्याची वाट न पाहता, त्या दोन खोल्यांना उद्याच कुलूप लावा. वर्ग समाजमंदिरात बसवा, नाहीतर सकाळ-दुपार दोन पाळ्यांत भरवा. कुलूप कोणत्या तारखेला लावलं आणि का लावलं, ते समितीच्या इतिवृत्तात लिहून त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्या.